दार उघडे असलेले घर

मराठीतील आत्मचरित्रांचा विचार करताना 'स्मृतिचित्रे'ला पहिल्या दोनचार ग्रंथांत स्थान द्यावे लागते, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या या ग्रंथाकडे अभ्यासकांनी बहुधा तीन दृष्टींनी पाहिले. कोणी त्यात एका विलक्षण दांपत्याच्या सहजीवनाची कथा वाचली. कोणाला तो धर्मांतराच्या सामाजिक परिणामांचा दस्तऐवज वाटला. आणि कोणी केवळ त्यातील निर्व्याज, बोलक्या, विनोदी गद्याच्या मोहात पडले. तिन्ही वाचने आपापल्या परीने योग्यच आहेत. मात्र या तिन्ही वाचनांत एक साधी गोष्ट मागे राहून जाते. ती म्हणजे ते घर. लक्ष्मीबाईंच्या संसारात आज किती पाने मांडायची याचा सकाळी केलेला हिशेब दुपारपर्यंत टिकत नसे. नवरा, बायको आणि मुले एवढ्यांचेच असे ते घर फार थोडा काळ राहिले. ते विद्यार्थ्यांचे, शिष्यांचे, पोरक्या मुलांचे, कवींचे, वाट चुकलेल्यांचे आणि वाट शोधणाऱ्यांचे घर होते. आजच्या भाषेत त्याला निवासी अभ्यासकेंद्र म्हणता येईल. टिळकांना स्वतःला कदाचित 'आश्रम' हा शब्द अधिक आवडला असता. लक्ष्मीबाईंच्या लेखी तो संसारच होता, आणि त्या शब्दाच्या वापरातच या ग्रंथाची खरी अडचण आणि खरी गंमत साठवलेली आहे.

कालक्रम थोडक्यात लक्षात घ्यावयास हवा. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे पतिपत्नींच्या ताटातुटीची. लक्ष्मीबाई या काळात नातलगांच्या आधाराने राहिल्या; पंढरपूरचा मुक्काम याच काळातला. मुलगा दत्तू त्या वेळी चारपाच वर्षांचा. पुढे त्या टिळकांकडे आल्या, आधी आपले सोवळे सांभाळून आणि मग हळूहळू ते सोडून, आणि १९०० साली राहुरीस त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. यानंतरची बरीच वर्षे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे या कुटुंबाचे मुख्य ठिकाण राहिले. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे १८३१ पासून चालू होते. १८७८ साली निघालेल्या तेथील धर्मशिक्षणशाळेचे सूत्रधार डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम हे होते. ह्यूम यांचा जन्म मुंबईतच झालेला होता. मराठी मुलुख त्यांना परका नव्हता. टिळक या शाळेत शिकवीत. शाळेची घंटा वाजून तास संपत असे. टिळकांचे शिकविणे मात्र संपत नसे. ते विद्यार्थ्यांबरोबर चालत घरी येई, ओसरीवर बसे, पानावर बसे, आणि पुष्कळदा रात्री तेथेच निजे.

हे सारे टिळकांनी मिशनकडून उचलले असे मानणे सोपे आहे, पण बरोबर नाही. टिळक स्वतः नाशकात गरीब विद्यार्थी म्हणून राहिले होते. गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाजवळ त्यांचे संस्कृत झाले. वार लावून जेवणे, माधुकरी मागणे, गुरूच्या घरचे पाणी भरणे आणि गुरुपत्नीच्या हातचे खाणे ही एकोणिसाव्या शतकातील मराठी विद्याव्यवहाराची नेहमीची रीत होती. आपल्याकडील किती विद्वान कोणाकोणाच्या घरच्या 'वारां'वर वाढले, याची यादी केली तर ती मराठी प्रबोधनाच्या इतिहासाइतकीच लांब होईल. टिळकांनी ही रीत ख्रिस्ती झाल्यावर टाकून दिली नाही. ती ते घेऊनच नगरला आले. बदलली ती पंगत. पूर्वीच्या पंगतीत कोण बसणार हे जन्माने ठरलेले असे. नगरच्या घरात ते दारात कोण उभे आहे यावर ठरू लागले. महार-मांग समाजातून आलेला विद्यार्थी, ब्राह्मण कवी, दुष्काळाने पोरके केलेले मूल आणि एखादा गोरा मिशनरी यांच्यासाठी एकाच चुलीवर एकच स्वयंपाक होऊ लागला. टिळकांच्या विचारातील ही क्रांती असे आपण सहज लिहून जातो. ती क्रांती रोज दोन वेळा शिजवावी लागे, हे लिहिण्याचे राहते.

ती शिजविणारी बाई कोणत्या घरातून आली होती, हे 'स्मृतिचित्रे'च्या आरंभीच कळते. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याने पछाडलेले गृहस्थ होते. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट, त्यापायी बायकामुलांचे होणारे हाल, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी असलेली १८५७ च्या धामधुमीतली कौटुंबिक शोकांतिका हे सर्व लक्ष्मीबाईंनी हसत हसत सांगितले आहे. हे हसणे नीट ऐकावयास हवे. ज्या मुलीने बाहेरच्या जगाचा स्पर्श धुऊन काढण्यात बालपण घालविले, तिच्या पुढच्या आयुष्यात बाहेरचे जग चपला न काढता थेट स्वयंपाकघरापर्यंत येत राहिले. हा प्रवास एका रात्रीत झालेला नाही. टिळकांकडे परत आल्यावरही त्यांची चूल काही काळ वेगळी होती, पाणी वेगळे होते. नवऱ्याने धर्म बदलला तो विचाराने. बायकोला तो हातांनी बदलावा लागला. भांड्याला, पाण्याला, माणसाला हात लावताना मनात उठणारी शहारी जाईपर्यंत तो पूर्ण होणार नव्हता. जातिभेद देवाने केलेला की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःशीच घातला आणि स्वतःच सोडविला. एकदा सोडविल्यावर मात्र त्या मागे फिरल्या नाहीत. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (१८८८) हे मराठीतील ख्रिस्ती आत्मकथनाचे आद्य पुस्तक. पण ते मुख्यतः बाप्तिस्म्यापर्यंतच्या वाटेचे पुस्तक आहे. बाप्तिस्म्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी चूल कशी पेटली, हे सांगावयास मराठीला लक्ष्मीबाईंची वाट पाहावी लागली.

येथे थोडे थांबून किनाऱ्याकडे पाहणे उपयोगी होईल. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, निर्मळच्या पुढे, समुद्राला लागून कळंब हे गाव आहे. उत्तरेला राजोडी, दक्षिणेला भुईगाव. आणि या साऱ्या पट्ट्यात शतकानुशतकांची कॅथलिक वस्ती. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती घेतली. राज्य गेले तरी प्रार्थना राहिली, आणि ती मराठी बोलणाऱ्या, शेतीवाडी व मासेमारी करणाऱ्या माणसांच्या घरांत राहिली. या परिसरातील ख्रिस्ती माणसाला टिळकांच्या नगरमधील घराची कल्पना सहज यावयाची नाही. त्याचे कारण त्याच्या परंपरेत आहे. वसईत धर्माचे अध्ययन आणि संसार या दोन वाटा पहिल्यापासून वेगळ्या झालेल्या. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्या हाताखाली शिकले, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मरण पावले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. ही घर सोडणाऱ्यांची परंपरा आहे. कळंबसारख्या गावातला एखादा मुलगा धर्मगुरू व्हावयास निघतो तेव्हा तो आईच्या चुलीपासून निघतो, सेमिनरीत वर्षानुवर्षे राहतो, आणि परततो तो 'फादर' होऊन. तो कोणा एकाचा बाप नसतो, म्हणूनच त्याला सर्वांनी 'फादर' म्हणावयाचे असते. धर्मग्रामाचे दार दिवसरात्र उघडे राहिले, तरी त्या दारामागे आजारी मूल निजलेले नसते, आणि धान्याच्या डब्यात हात घालून अंदाज घेणारी बायको नसते.

टिळकांच्या घरात ही दोन्ही होती. प्रॉटेस्टंट परंपरेने धर्मोपदेशकाला संसार करावयास लावले, आणि त्याच वेळी मठाचा जुना आदर्शही त्याच्या मनातून पुसला नाही. या द्वैताचा पहिला आणि मोठा नमुना जर्मनीत सापडतो. मार्टिन लूथर आणि काटारीना फॉन बोरा यांचे १५२५ साली लग्न झाले. तो पूर्वाश्रमीचा साधू, ती पूर्वाश्रमीची जोगीण. विटेनबर्ग येथे जो मठ होता तेच त्यांचे घर झाले. त्या घरात त्यांची स्वतःची मुले होती, नातलगांची पोरकी मुले होती, पैसे देऊन राहणारे विद्यार्थी होते, आणि येणारेजाणारे तर मोजण्यापलीकडचे. काटारीना बाग पाही, जनावरे पाही, बीर गाळी, हिशेब ठेवी. जेवताना लूथर बोलत आणि भोवती बसलेले विद्यार्थी ते लिहून घेत. त्या टिपणांतून झालेले संभाषणांचे पुस्तक १५६६ साली छापले गेले आणि आजही वाचले जाते. त्या पुस्तकात जेवणाचा उल्लेख आहे. वाढणारीचा आवाज मात्र क्वचितच ऐकू येतो. विसाव्या शतकात, १९५५ साली, स्वित्झर्लंडमधील एका डोंगरी गावात फ्रान्सिस आणि ईडिथ शेफर या अमेरिकन दांपत्याने 'लाब्री' नावाने असेच घर उघडले. तरुणांनी यावे, राहावे, जेवताना प्रश्न विचारावेत, कामात हातभार लावावा, अशी त्याची रीत. त्या घराची कथा पुढे ईडिथबाईंनी लिहिली. ती १९६९ ची गोष्ट. लक्ष्मीबाई त्यांच्या पस्तीस वर्षे आधी लिहून मोकळ्या झाल्या होत्या. मराठी वाचकाने या कालानुक्रमाचा थोडा अभिमान बाळगावयास हरकत नसावी.

नगरच्या घरात राहिलेल्यांपैकी मराठी काव्याच्या इतिहासाने लक्षात ठेवलेले नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. टिळकांचे त्याच्यावर लक्ष बसले आणि पुढे काही काळ तो त्यांच्या घरी येऊन राहिला. ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाच्या घरी एका ब्राह्मण तरुणाने राहणे ही त्या काळात लोकांच्या डोळ्यांवर येणारी गोष्ट होती. टिळकांनी त्याला ख्रिस्ती केले नाही, तोही झाला नाही. धर्मप्रसारकाच्या घरात धर्म न बदलता राहता येते, हे त्या घराने सिद्ध केले, आणि टिळकांच्या ख्रिस्तभक्तीविषयी हा एक मुद्दा अनेक लेखांहून अधिक सांगून जातो. लक्ष्मीबाईंनी ठोमऱ्यांविषयी जे लिहिले आहे त्यात निसर्गकवी कोठेच दिसत नाही. दिसतो तो घरातला एक मुलगा: लहरी, रुसणारा, हळवा, घाबरणारा, माया करून घेणारा. बालकवींवर पुढे जे विपुल समीक्षालेखन झाले त्याला या पानांचे ऋण मानावेच लागते. ज्या कवीला साऱ्या महाराष्ट्राने शब्दांतून ओळखले, त्याला या बाईने भुकेच्या वेळा आणि झोपेच्या सवयी यांतून ओळखले होते. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. या घराच्या दृष्टीने ती एका कवीच्या निधनाची वार्ता नव्हती. घरचा मुलगा गेला होता.

आणि घरच्या मुलांचे काय? हा प्रश्न 'स्मृतिचित्रे'त उघडपणे कोठेही विचारलेला नाही. पण तो पानापानांच्या खाली वाहत असतो. टिळकांना महाराष्ट्र 'फुलामुलांचे कवी' म्हणतो. मुलांवर त्यांचे प्रेम होते यात शंका नाही. ते इतके होते की स्वतःचे मूल आणि दुसऱ्याचे मूल असा भेदच त्यांना उरत नसे. हा गुण दुरून पाहणाऱ्याला संतपणाचा वाटतो. ज्या मुलाच्या वाट्याचा बाप असा दहा जणांत वाटला जातो, त्याला तो नेहमी तसा वाटेलच असे नाही. संसारासाठी दिलेला पैसा वाटेत भेटलेल्या गरजवंताच्या हाती जाई; आणावयास पाठविलेली वस्तू घरी न येता तिसरीच वस्तू, किंवा चौथा माणूस, घरी येई. मिशनचा पगार ठरावीक होता आणि घरातल्या माणसांची संख्या ठरावीक नव्हती. या दोहोंमधील अंतर लक्ष्मीबाईंना भरून काढावे लागे. टिळकांच्या औदार्याचे सर्वांनी कौतुक केले. त्या औदार्याची किंमत ज्या हातांनी चुकविली, त्यांचा हिशेब मराठी समीक्षेने मांडला नाही. टिळकांचा कोप, घर सोडून निघून जाणे आणि पुन्हा तितक्याच वेगाने विरघळणे हेही त्या घराच्या दिनक्रमाचा भाग होते. संतांच्या बायकांविषयी आपल्याकडे एक ठरलेली दृष्टी आहे. आवली म्हटले की कजाग. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याशी भांडणे लपविली नाहीत आणि तरीही त्या आवली झाल्या नाहीत. याचे कारण त्यांच्या लेखणीत आहे; आवलीच्या हाती लेखणी नव्हती.

अशाच आणखी एका घराशी तुलना केल्यावाचून हा विषय पुढे नेता येत नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. १८९० च्या अखेरीस ते पुण्यास हलले. सदनात दाखल झालेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई जोशी, पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई झालेल्या, आणि 'माझे पुराण' (१९४४) या आत्मकथनाच्या लेखिका. रमाबाई विधवा, पदरी एकच मुलगी, मनोरमा. ती १८८१ साली जन्मली. बालपणीच तिच्या वाट्याला इंग्लंडमधील भगिनीसंघाचा आश्रय आला, आई अमेरिकेत असताना ती पुन्हा तिकडे राहिली. आणि ती घरी परतली तेव्हा घर शेकडो मुलींचे होण्याच्या वाटेवर होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी केडगावच्या मुक्तिसदनात मुलींची रीघ लागली. या सर्व मुलींची आई ती माझी आई, हे मनोरमेला वयाच्या कोणत्या वर्षी उमगले असेल, हे सांगता येत नाही. उमगल्यावर तिने काय केले ते मात्र ठाऊक आहे. ती त्याच कामाला लागली. शारदासदनची शाळा तिने सांभाळली, गुलबर्ग्यास शाळा काढली, स्वतः पदवी घेतली, आणि २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मनोरमाबाईंनी आत्मचरित्र लिहिले नाही. मुलीने काही लिहिले असते तर मराठीला आणखी एक वेगळी 'स्मृतिचित्रे' मिळाली असती की नसती, हा तर्क व्यर्थ आहे. तरी तो मनात आल्यावाचून राहत नाही.

शारदासदनात १८९३ साली उठलेले वादळ सर्वपरिचित आहे. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि मुलींना आत येण्यास मज्जाव नव्हता. एवढ्यावरून सल्लागार मंडळातील प्रतिष्ठितांनी अंग काढून घेतले. दोन्ही पक्षांच्या भूमिका आज तटस्थपणे वाचता येतात. सल्लागारांना दिलेल्या आश्वासनाचा प्रश्न महत्त्वाचा वाटला. तोही खोटा नव्हता. रमाबाईंची बाजू एका आईची होती: संस्था हेच घर असेल तर घरात मी दार लावून प्रार्थना का करावी? निवासी संस्थेत खाजगी आणि सार्वजनिक यांची सीमा कोठे आखावी, हा वाद पुण्याने त्या वर्षी धर्मांतराच्या भाषेत घातला. लक्ष्मीबाईंच्या घरात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने रोज येई. तेथे दार लावावयास खोलीच नसे.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र आणणारा, चर्चच्या चौकटीबाहेरचा बंधुसमाज अशी त्याची कल्पना होती. तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाता येते ही त्यांची जुनी धारणा येथे संस्थेचे रूप घेऊ पाहत होती. टिळकांनी संन्यासही घेतला. हा संन्यास मोठा चमत्कारिक होता, कारण संन्याशाबरोबर त्याची बायको होती, मुले होती, भांडीकुंडी होती. शास्त्रार्थाच्या दृष्टीने याला काय म्हणावे हे पंडितांनी ठरवावे. व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की टिळकांनी संसार सोडला आणि लक्ष्मीबाईंचा संसार वाढला. पूर्वी पगार तरी होता. आता देवावर भरवसा. देवावरच्या भरवशाने टिळक प्रसन्न राहू शकत, कारण देवाने वेळेवर काही न पाठविल्यास काहीतरी करून वेळ निभावणारी बाई घरात आहे, हेही त्यांना, न बोलता, ठाऊक होते. येथे टिळकांवर रुष्ट होण्याचा मोह होतो. पण 'स्मृतिचित्रे' तो मोह टिकू देत नाही. लक्ष्मीबाई या नुसत्या सोसणाऱ्या नव्हत्या; त्यांना हे सारे आवडतही होते. माणसांची गर्दी, बोलणे, थट्टा, एखाद्या नवख्याची फजिती, पोराचे पहिले कीर्तन, हे त्यांच्या जिवाचे खाद्य होते. शांत, नेटक्या, चौघांच्या संसारात त्या रमल्या असत्या असे त्यांच्या गद्याचा सूर ऐकणाऱ्याला वाटत नाही.

दरबार दोन वर्षेही चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला. पुढे पुण्यास त्याचा आश्रम झाला, व्हेरियर एल्विन १९२७ साली भारतात आले ते याच संघात. विन्स्लो यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. मात्र टिळकांचा वारसा असा आश्रमाकडे गेला तेव्हा त्याचे रूप पुन्हा ब्रह्मचाऱ्यांच्या मठाकडे झुकले. बायकामुलांसह चालणारा आश्रम ही टिळकांच्या कल्पनेतील सर्वांत अवघड गोष्ट होती आणि तीच मागे पडली. हे अपेक्षितच होते, कारण त्या आश्रमाचा अर्धा भाग टिळकांच्या कल्पनेत नव्हताच. तो लक्ष्मीबाईंच्या हातात होता, आणि हातांचे अनुकरण पुस्तक वाचून करता येत नाही.

'स्मृतिचित्रे'च्या गद्याविषयी एक गोष्ट येथे जोडून सांगावी लागेल. लक्ष्मीबाईंचे औपचारिक शिक्षण नव्हतेच. जे लिहिणे-वाचणे आले ते टिळकांच्या सहवासात, तेही अर्धवट. तेव्हा हे गद्य त्या कोठे शिकल्या, असा प्रश्न अनेकांनी विचारला आणि 'उपजत प्रतिभा' असे सोयीचे उत्तर देऊन टाकले. प्रतिभा होतीच. पण ज्या घरात रोज वीसपंचवीस कान जेवणाच्या वेळी गोष्ट ऐकावयास तयार असतात, तेथे गोष्ट सांगण्याची तालीमही रोज होते. कोठे थांबावे, कोणते नाव कधी घ्यावे, स्वतःवरचा विनोद आधी करून मग दुसऱ्यावरचा कसा करावा, रडू आले तर ते हसण्याच्या किती जवळ ठेवावे, हे कागदावर शिकता येत नाही. ऐकणाऱ्यांत एखादा गावंढा विद्यार्थी असे, एखादा कवी असे, एखादे झोपेला आलेले मूल असे; या सर्वांना एकाच वेळी धरून ठेवणारी भाषा साधीच असावी लागते. विटेनबर्गला जेवताना बोलणारा पुरुष आणि टिपून घेणारे विद्यार्थी होते. नगरला बोलणारे, शिकविणारे, कविता म्हणणारे टिळक होते; आणि लिहिण्याचे काम अखेरीस वाढणारीने केले.

तेही तिने आपणहून हाती घेतले नाही. टिळकांचे चरित्र लिहावे म्हणून देवदत्तांनी, म्हणजे त्याच दत्तूने, आईकडे आठवणी मागितल्या. ज्या मुलाच्या वाट्याचे आईबाप लहानपणी इतक्यांत वाटले गेले होते, त्याने मोठेपणी आईला वडिलांविषयी विचारावे, आणि आईने सांगता सांगता स्वतःविषयी, घराविषयी, त्या साऱ्या इतरांविषयी सांगावे, अशा क्रमाने हा ग्रंथ घडला. टिळकांचे 'ख्रिस्तायन' काही अध्यायांनंतर अपुरे राहिले होते. उरलेले बहुसंख्य अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. १९३८ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्याही नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. 'स्मृतिचित्रे'चा शेवटचा भाग तोवर पुरा झालेला नव्हता. तो देवदत्तांच्या हातून पूर्णत्वास गेला. पुढे १९६० साली याच देवदत्त नारायण टिळकांनी नाशकाहून आणखी एक चरित्र प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई'. नगरच्या उघड्या दाराच्या घरात वाढलेल्या मुलाने केडगावच्या घराची कथा लिहिली आहे, हे लक्षात ठेवून ते पुस्तक, विशेषतः मनोरमेविषयीची पाने, पुन्हा वाचण्याजोगी आहेत.